मॉस आणि उंदीर एकाच तक्त्यात कसे मांडावेत

श्रावणात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर कुठल्याही दगडाला हात लावा. बोटांना लागते ती ओली हिरवी लव म्हणजे मॉस. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. धोक्यात आलेलं एखादं मॉस आणि एखादा प्राणी यांची तुलना एका तक्त्यात करायची, तर डोळ्यांना सराव हवा; ही लव सर्रास आढळते, म्हणून तो तिच्यावरच करा.

आधी जोडी ठरवा. साताऱ्यात कुरतडणारा रानटी प्राणी म्हटलं की शेकरू आठवतो, पण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत (कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत) तो धोक्यात असलेल्यांत मोडत नाही. त्याऐवजी सिंहगडाच्या पठारावरचा कोंढाणा उंदीर घ्या. 1975 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. मॉसमधून ताकाकिया सेराटोफायला घ्या. हिमालयात आणि थेट अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर उगवणारं हे मॉस यादीत ‘असुरक्षित’ आहे, म्हणजे एक पायरी खाली.

मग ‘एक’ म्हणजे काय ते ठरवा, आणि इथे घाई अजिबात नको. उंदीर एक, दोन, तीन असे मोजता येतात. मॉसचा तुटलेला तुकडाही रुजतो, त्यामुळे दगडावरच्या शंभर काड्या मुळात एकाच रोपाच्या असू शकतात. काड्या मोजत बसू नका. दगडावर किंवा जमिनीवर 1 चौरस मीटर म्हणजे एक, खोडावर असेल तर एक झाड म्हणजे एक, असं धरण्याची पद्धत आहे. मॉसच्या रकान्यात संख्येऐवजी नुसती रेघ ओढलेली मला पटत नाही.

संख्येतली घट मोजायचा काळ 10 वर्षं किंवा 3 पिढ्या, यांतला जो मोठा तो. उंदराच्या पिढ्या भराभर सरतात, त्यामुळे त्याला 10 वर्षंच लागू होतात.

आता धोके. उंदराच्या रकान्यात गडावरची गर्दी, चराई, उजाड होणारी झुडपं. मॉसच्या रकान्यात आधी ओलावा कमी होणं. उन्हाळ्यात परसातल्या भिंतीवरचं करपलेलं मॉस भिंगाखाली धरा आणि त्यावर चार थेंब पाणी सोडा. काडीला चिकटलेली पानं बघता बघता उलगडतात. म्हणून वाळलेल्या मॉसपुढे ‘मेलं’ असं लिहू नका.

बीळ उकरू नका, कड्यावरचं मॉस खरवडू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि पुढच्या श्रावणात त्याच दगडापाशी या.