नाण्यांचा संग्रह नीट ठेवण्यासाठीची तयारी : सोलापूरच्या हवेचा विचार करून

साठवणुकीचे कोणतेही सामान विकत आणण्याआधी टेबलावर स्वच्छ, धुतलेले सुती कापड पसरून त्यावर संपूर्ण संग्रह मांडावा आणि धातूनुसार त्याचे गट पाडावेत. तांब्याची शिवराई, पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया, ॲल्युमिनियमचे तीन पैसे आणि १९९२ पासून आलेला स्टेनलेस स्टीलचा छोटा रुपया यांना बिघडवणाऱ्या गोष्टी एकसारख्या नसतात, म्हणून त्यांना एकाच पिशवीत एकमेकांवर घासत ठेवणे मुळातच टाळावे. या वेळी नाणे कडेने धरावे. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी उजळायची पावडर लावून ते चकचकीत करू नये. तसे केल्याने वरचा थर निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटणारे तांब्याचे नाणे दिसल्यास ते लगेच वेगळ्या डबीत काढावे.

पैसे बेताचे असतील, तर ते पेटीवर न घालवता नाण्याला प्रत्यक्ष टेकणाऱ्या वस्तूवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त अल्बमची मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाने बहुधा पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक कालांतराने विघटित होऊ लागते, त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर, विशेषतः तांब्याच्या नाण्यावर, चिकट हिरवट थर धरतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची किंवा गच्चीलगतची खोली रात्रीही तापलेली राहते, त्या सोलापुरात अशा अल्बमचा धोका थंड हवेच्या गावापेक्षा अधिक आहे. म्हणून दुकानदाराकडे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पाने किंवा मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टर पापुद्र्याची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मागावेत. होल्डर घेण्याआधी नाण्यांचा व्यास मोजावा. पाचव्या जॉर्जचा रुपया सुमारे ३०.५ मिलिमीटरचा आणि आजचे दहा रुपयांचे दुहेरी धातूचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, त्यामुळे एकाच मापाची खिडकी सर्वांना चालत नाही. होल्डरला पिन मारल्यावर तिची टोके पकडीने सपाट करावीत, नाही तर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. विजापूरच्या आदिलशाहीची लारी, म्हणजे चांदीची दुमडलेली तार, संग्रहात असेल, तर तिच्यासाठी लांबट पाकीट लागेल. ती गोल खिडकीत दाबून बसवू नये.

होल्डरही परवडत नसतील, तर आम्लरहित कागदाची छोटी पाकिटे पुरेशी आहेत. वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँड मात्र वापरू नयेत. रबरातील गंधकाने चांदी काळवंडते, आणि लोकरीच्या कापडाबाबतही तीच काळजी घ्यावी.

आता जागेचा विचार. गोदरेजच्या कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये नाणी ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. तिथे डांबरगोळ्या असतील, तर नाण्यांचा डबा त्या कप्प्यात ठेवू नये, कारण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. सागवानी पेटी दिसायला देखणी असली, तरी लाकडातून आम्लाची वाफ सुटते. साधा, घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा तिच्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित ठरतो. सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे ओलाव्याची चिंता नको, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भर उन्हाळ्यात पाण्यावर चालणारा कूलर खोलीत दमट हवा भरत असतो, म्हणून कूलरची खोली, तसेच न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे नारिंगी दाणे घेतल्यास ते हिरवे पडले की ओलावा भरल्याचे कळते; मग स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या भांड्यात मंद आचेवर ते पुन्हा सुकवता येतात.

लक्ष्मीपूजनाला मांडायची चांदीची नाणी संग्रहातून कायमची वेगळी करावीत, म्हणजे हळदीकुंकू आणि पंचामृत बाकीच्यांना लागणार नाही.

प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि खरेदीची पावती यांची नोंदवही तयार करून ती नाण्यांपासून दूर ठेवावी. शेतात नांगरताना किंवा पाया खोदताना सापडलेला नाण्यांचा साठा या वहीत चढवता येणार नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

मौल्यवान नाण्यांसाठी बँकेचा लॉकर घेताना करारपत्र वाचावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीला, बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर ती जबाबदार नसते. संग्रहाचे मोल भाड्याच्या शंभर पटींहून जास्त असेल, तर वेगळ्या विम्याची चौकशी लॉकर घेतानाच करून ठेवावी.