सिंफनी ऐकायची तर आधी कूलर बंद करा

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची ओळख करून घ्यायची म्हटलं की लोक नावांची यादी घेऊन बसतात. बाख, मोत्सार्ट, बीथोवेन, शोपँ, चायकॉव्स्की. मग प्रत्येकाचं ‘बेस्ट’ शोधायचं, तीन-तीन मिनिटांचे तुकडे ऐकायचे, आणि आठवडाभरात सगळं सारखंच वाटायला लागलं की सोडून द्यायचं. यात कानाचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. जळगावच्या बालगंधर्व महोत्सवाला हजेरी लावणाऱ्या, भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या किंवा पेटीच्या क्लासला जाणाऱ्या माणसाला लय कळते, सुरावट लक्षात राहते, समेची वाट बघायची सवय असते. अडतं ते एका ठिकाणी: या संगीतात सा जागेवर राहत नाही. म्हणून सुरुवातीला संगीतकार किती मोठा हे बघू नका, सा किती हलतो ते बघा. कमी हलणारी रचना आधी, जास्त हलणारी नंतर. खालच्या चार रचना त्याच क्रमाने आहेत. एका रचनेला एक आठवडा द्या आणि त्या आठवड्यात ती तीनदा पूर्ण ऐका.

आधी खोलीचं बघू. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांत प्रचंड अंतर असतं, आणि हळू जागा कूलरच्या घरघरीत पार बुडून जातात. मग माणूस आवाज वाढवतो, दोन मिनिटांनी सगळी वाद्यं एकदम आली की दचकून कमी करतो, आणि पुढचा अर्धा तास हात बटणावरच राहतो. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कूलर बंद ठेवा म्हणणं निर्दयपणाचं आहे, पण त्याला इलाज नाही. आठ वाजता कूलर लावून खोली तासभर गार करा, नऊला तो बंद करा आणि पंखा एक नंबरवर ठेवा. गच्चीवर ऐकायचा मोह टाळा. तिथे भिंती नसल्याने खर्ज उडून जातो, आणि लग्नसराईत शेजारच्या गल्लीतल्या डीजेपुढे चेलोचं (गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन) काही चालत नाही. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात बसूच नका. फरशीची मोकळी खोली घुमत असेल तर सतरंजी अंथरा आणि समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. दिवाळीनंतरचे तीन महिने सगळ्यात सोयीचे. भरिताच्या बैठकीला जोडून ऐकायचं ठरवलंत तरी चालेल, फक्त केळीचे वेफर्स संगीत संपल्यावर फोडा.

मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास, म्हणजे चेलोहूनही मोठं खर्जाचं तंतुवाद्य, ऐकूच येत नाही. त्याचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो निघत नाही. साधे दोन स्पीकर असतील तर ते कानाच्या उंचीवर, भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा. दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर स्वतः बसा. वरातीत वाजवतात तसला ब्लूटूथ स्पीकर असेल तर ‘बास बूस्ट’ बंद करा, नाहीतर सगळ्या वाद्यांवर ढोल चढतो. स्पीकर नसतील तर चांगला हेडफोन पुरे. ॲपमध्ये ‘क्रॉसफेड’ आणि आवाज सारखा करणारी सोय, दोन्ही बंद ठेवा. क्रॉसफेडमुळे एका भागाचा शेवट पुढच्या भागात मिसळतो, आणि दुसऱ्या सोयीमुळे हळू-मोठ्याचा खेळच संपतो. मध्येच जाहिरात येणार असेल तर रचना आधी डाउनलोड करून घ्या.

शोधताना नुसतं संगीतकाराचं नाव टाकलं तर पावसाच्या आवाजात घोळवलेलं आठ तासांचं ‘अभ्यासासाठी संगीत’ पुढ्यात येतं. म्हणून क्रमांक टाका. बीथोवेनच्या रचनांना ओपस क्रमांक, मोत्सार्टला केशेलचा ‘के’, बाखला ‘बीडब्ल्यूव्ही’, विवाल्डीला ‘आरव्ही’. क्रमांकापुढे वादकाचं किंवा संचालकाचं नाव जोडा. मिळालेल्या ध्वनिमुद्रणाची लांबी खाली दिलेल्या वेळेच्या निम्मीच असेल तर तो तुकडा आहे, सोडून द्या.

पहिल्या आठवड्यात बाख (१६८५–१७५०), चेलोसाठीचा पहिला ‘सूट’ (छोट्या रचनांची माळ), बीडब्ल्यूव्ही १००७, त्यातला फक्त प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग. जेमतेम अडीच मिनिटं. एकच वाद्य, ठेका नाही, साथ नाही. पेटी असेल तर पांढरी पाच दाबून बघा, तोच सा. सुरुवातीला खालचा सा पुन्हापुन्हा वाजतो आणि त्यावर बाकीचे सूर उलगडत जातात. निम्मं झाल्यावर गज पंचमावर क्षणभर थांबतो. तिथून पुढे पंचम धरूनच सगळी चढण होते आणि अगदी शेवटी सा मिळतो. गाण्याची चाल शोधू नका, ती नाहीच. पेटीशी सूर जुळेना, तर ध्वनिमुद्रण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं असण्याची शक्यता मोठी. तिथे सूर बहुधा अर्ध्या पायरीने खाली लावलेला असतो, तेव्हा काळी तीन धरा.

दुसऱ्या आठवड्यात राव्हेलचा (१८७५–१९३७) ‘बोलेरो’, १९२८ सालचा, १४ ते १६ मिनिटांचा. तबल्याची गोडी असलेल्यांनी इथे खुर्ची ओढून बसावं. लहान ड्रमवर सहा मात्रांचं एक आवर्तन सुरू होतं आणि ते १६९ वेळा वाजतं. दादऱ्याच्या मात्रा मोजता येतात, वजन मात्र निराळं आहे. लेहऱ्यात चाल तीच राहते आणि तबला बदलतो. इथे चालही तीच, ठेकाही तोच, बदलतं फक्त वाद्य: आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग वरच्या पट्टीत चढवलेलं ‘बसून’ नावाचं खर्जाचं फुंकवाद्य, आणि पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. चाली दोन आहेत. दुसरीत कोमल सूर मिसळतात, तिथे तोंड किंचित कडवट होतं. सा जवळजवळ शेवटपर्यंत पांढरी एक. अखेरच्या मिनिटात तो अचानक पांढरी तीनवर उडी मारतो, आठ मापं (तीन-तीन मात्रांची) तिथे राहतो, परत येतो, आणि लगेच सगळं कोसळून संपतं. अखेरच्या मिनिटातल्या या उडीसाठी आधीची चौदा मिनिटं बसायचं असतं.

आवाज लावण्याची रीतही इथेच शिकून घ्या. शेवटचं मिनिट आधी वाजवा, सहन होईल इतका मोठा आवाज ठेवा, मग सुरुवातीला या आणि बटणाला हात लावू नका. पहिलं मिनिट ऐकूच येत नाही असं वाटलं तर बरोबर जमलं आहे.

तिसऱ्या आठवड्यातली रचना खान्देशाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. विवाल्डीच्या (१६७८–१७४१) ‘चार ऋतू’ या १७२५ साली छापलेल्या संचातला ‘उन्हाळा’, आरव्ही ३१५, दहा-अकरा मिनिटं. व्हायोलिन, बाकीची तंतुवाद्यं आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य), एवढंच. सोबत एक सुनीत छापलेलं आहे: उन्हानं माणूस आणि कळप कोमेजलेत, कोकीळ ओरडतो, वारा फिरतो, आणि शेवटी गारपीट उभ्या पिकाची कणसं मोडून टाकते. पहिल्या भागाची सुरुवात मुद्दाम अडखळती आहे, दोन सूर उतरतात आणि थांबतात. ध्वनिमुद्रण खराब आहे असं समजू नका, भर दुपारी चालणाऱ्या माणसाची ती गती आहे. दुसऱ्या भागात दमलेला धनगर झोपायला बघतो, माश्या-गांधीलमाश्या झोपू देत नाहीत, आणि मधूनमधून लांब ढग गडगडतात. तिसरा भाग, जेमतेम तीन मिनिटांचा, म्हणजे वादळ. बहुतेकांनी फक्त हाच ऐकलेला असतो, आणि आधीच्या तापल्या मिनिटांशिवाय तो नुसता वेगवान वाटतो. रावेर-यावलकडे केळी आडवी करणारा वारा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तिन्ही भाग सलग ऐकावेत. सा पांढरी पाच. तो मध्ये सरकतो, पण रचना घरी येऊनच संपते.

चौथ्या आठवड्यापासून खरं काम. बीथोवेनची (१७७०–१८२७) पाचवी सिंफनी, ओपस ६७, चार भाग, ३० ते ३५ मिनिटं. कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचं १९७४ सालचं ध्वनिमुद्रण घ्या, दुसरं शोधत बसू नका. तीन आखूड आणि एक लांब सूर, हा तुकडा सगळ्यांना माहीत असतो. पण तो पहिल्या मात्रेवर उठत नाही. आधी क्षणभराची विश्रांती आहे आणि तुकडा तिच्यानंतर येतो. पहिल्यांदा टाळी चुकते ती यामुळे.

पेटी समोर ठेवून पहिला भाग दोनदा ऐका. सुरुवातीला पांढरी एक धरा, गंधार-धैवत कोमल. पाऊण मिनिटाच्या आसपास फ्रेंच हॉर्न तोच तुकडा वेगळ्या अंगाने वाजवतो, त्यानंतर एक गोड चाल येते. आता पांढरी एक टोचायला लागेल. काळी दोन दाबा, बसेल. म्हणजे सा उचलून कोमल गंधारावर नेला गेला. दीड मिनिटाच्या सुमारास सगळं पहिल्यापासून परत वाजतं, तेव्हा ही जागा पुन्हा पकडता येते. मधल्या भागात सा कुठेच ठरत नाही, तिथे पेटी सोडून द्या. साडेचार मिनिटांच्या आसपास सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) ठेका सोडून चार सूर घेतो. आलापाची सवय असलेला कान इथे आपोआप उभा राहतो. तंबोऱ्याचं ॲप खाली लावून ठेवण्याची युक्ती काहीजण करतात. ती करू नका, दुसऱ्याच मिनिटाला सगळं बेसूर वाटतं.

तिसरा आणि चौथा भाग यांच्यामध्ये थांबा नाही. तिसऱ्याच्या शेवटी आवाज अगदी तळाला जातो, टिंपनी (मोठे नगारे) हळूहळू एकच ठोका देत राहते, व्हायोलिन चाचपडत वर चढतात आणि एकदम सगळी वाद्यं पेटतात. सा तोच पांढरी एक, पण कोमल गंधार शुद्ध झालेला. तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथे पहिल्यांदा वाजतात. तुमच्या ॲपने या सांध्यावर सेकंदभराचा खंड पाडला तर सगळी मजा गेली. ‘गॅपलेस’ सोय चालू आहे का ते आधी तपासा, किंवा सलग व्हिडिओ लावा.

एवढं झाल्यावर पुढचं निवडणं सोपं जातं. मोत्सार्टच्या (१७५६–१७९१) क्रमांकित सिंफनींमध्ये मायनरमधल्या (म्हणजे गंधार कोमल असलेल्या) दोनच, २५ आणि ४०, आणि दोन्ही पांढरी पाचच्या. पंचविसावीची सुरुवात टायटन घड्याळाच्या जाहिरातीत ऐकलेली आहे. चाळिसावीवरून सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) मधलं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ बांधलं. मुलं बरोबर असतील तर हायडनची ९४ वी लावा. तिच्या दुसऱ्या भागात सोळाव्या मापाला काय होतं ते आधी सांगू नका. एकट्याने रात्री ऐकायला शोपँचा नॉक्टर्न (पियानोवरची संथ रचना), ओपस ९ क्रमांक २. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचा संथ भाग कुणालाही आवडतो. बीथोवेनची नववी मात्र घाईने लावू नका. सत्तर मिनिटांपैकी लोकांना शेवटच्या भागातली चाल तेवढी हवी असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते उठतात.

चार-पाच जण जमून ऐकत असाल तर दाद देण्याचा प्रश्न येतोच. प्रत्यक्ष कार्यक्रमात भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. बीथोवेनच्या काळी बिनदिक्कत वाजवत, त्यामुळे घरी ‘वाहवा’ निघाली तर अपराधी वाटून घेऊ नका. सभागृहात मात्र भाग किती आहेत ते आधी बघून ठेवा. चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो की जाणकारही फसतात. त्यानंतर अजून एक भाग आहे, संथ आणि खोल जाणारा.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबई गाठा. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवतो. २००६ पासून तो चालू आहे, आणि फेब्रुवारी व सप्टेंबरच्या सुमाराला त्याचे कार्यक्रम असतात. तिकीट काढताना पहिल्या रांगा टाळा. तिथे डोळ्यांसमोर नुसते व्हायोलिनवाले येतात आणि मागची वाद्यं दिसतही नाहीत, नीट ऐकूही येत नाहीत. बाल्कनी बऱ्याचदा स्वस्त असते आणि तिथून कुठलं वाद्य कधी उठतं ते दिसतं. कार्यक्रम मध्यंतर धरून साधारण दोन तासांचा असतो. भुसावळकडे येणारी रात्रीची गाडी त्या हिशेबाने, हाताशी तासभर ठेवून काढा.