एकच बातमी घ्या आणि तिला चारदा पिळा

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, त्यामुळे तीन-तीन भाषा येतात म्हणून आम्ही मिरवतो आणि कागद-पेन समोर ठेवलं की घाम फुटतो. मी त्यातलाच. एका इंटरव्ह्यूत "सध्या काय करता?" विचारलं तर मी सरळ "टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघूलालो" म्हणालो, समोरचे तिघं हसले आणि पुढचं सगळं फिसकटलं. 'बघूलालो' म्हणजे आमच्या बोलीत 'बघतोय', त्यात वाईट काही नाही हां, पार्क चौकात चहा पिताना तेच बोलायचं, फक्त दुसरं पण जमलं पाहिजे.

मग मी वाचनाचं वेगळं, बोलायचं वेगळं असं करत बसलो, त्यात वर्ष गेलं. शेवटी जमलं ते असं: रोज एक छोटी बातमी, तीच ऐकायची, लिहायची, वाचायची, सांगायची. अर्धा तास पुरतो.

आधी ऐकणं. आकाशवाणीच्या सकाळच्या मराठी बातम्या लावा, टीव्ही नको, तिथं खाली पट्टी पळते आणि कानाचं काम डोळेच करून टाकतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पहिल्यांदा पेन हातात घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि संपल्यावर कोण, कुठं, किती एवढं आठवायचं. आकडे हमखास निसटतात.

आता रेकॉर्डिंग परत लावा, एकेका वाक्याला थांबवा आणि कागदावर उतरवा. मोबाईलवर टाईप करू नका, तो स्वतःच शब्द सुचवतो मग तुमची चूक तुम्हाला दिसणारच कशी.

तिसरं काम जास्त वेळ खातं. तीच बातमी पेपरात शोधा (घरी पेपर येत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहे की) आणि लाल पेनाने आपलं लिखाण तपासा. माझ्या कागदावर सगळा लाल रंग ऱ्हस्व-दीर्घाचा असायचा. दोन गोष्टी पाठ केल्या आणि निम्म्या चुका गेल्या. एक, मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की बहुतेक दीर्घच, पाणी, नदी, पण 'आणि' मात्र ऱ्हस्व. दुसरी, 'विहीर' लिहिताना 'ही' दीर्घ, पण 'विहिरीत' म्हटलं की 'हि' ऱ्हस्व, तसंच फूल आणि फुलात.

पण स्पेलिंग जुळलं म्हणजे वाचलं असं नाही. समजा बातमीत आहे, उजनी धरण वजा २० टक्क्यांवर. पाणी वजा कसं असेल? मी कित्येक वर्षं ही ओळ नुसती वाचून पान उलटायचो. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी, आणि टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं की वजा सुरू. म्हणजे वजा २० ला पण धरणात ५० टीएमसीच्या वर पाणी असतंच! अडलेला एक शब्द असा खणून काढला की बातमी डोक्यात बसते, नुसती दहा पानं वाचून बसत नाही.

मग कागद बाजूला ठेवून दोन मिनिटं कुणाला तरी सांगा. आरशासमोर बोला म्हणतात, मला ते पटत नाही, आरसा उलट प्रश्न विचारत नाही. उच्चाराकडे लक्ष द्या, 'चहा'तला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, लिहिताना मात्र एकच. बोललेलं रेकॉर्ड करून रात्री ऐका, लाज वाटेल पण ऐका, मी दर वाक्याला 'म्हणजे' म्हणतो हे मला तेव्हाच कळलं.

इंग्रजीला पण हेच चालतं, फक्त बातमी अजून छोटी घ्या.

उजनीचं मी आज्जीला सांगितलं, मृतसाठा, उपयुक्त साठा, टीएमसी, सगळं नीट शुद्ध मराठीत. तिने शेंगा फोडत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं असू दे, नळाला पाणी कधी येणार ते सांग." दुसऱ्या दिवशीची बातमी तिथंच ठरली.