आईचं मृत्युपत्र करायचंय? जमीन, पैसे, दागिने लिहिताना काय काय बघायचं

आईच्या वाटणीचा विषय काढला की घरात कोणीतरी म्हणतंच, "आत्तापासून काय घाई आहे", आणि मग तो विषय राहतो तो राहतोच, आणि पुढे सख्खी भावंडं आधी तलाठ्याकडे, मग तहसीलला आणि शेवटी कोर्टात भेटतात. म्हणून आई धडधाकट आहे, तिला सगळं कळतंय, ती स्वतः बोलून सांगू शकतेय तेव्हाच हे करून घ्या. हे सगळं महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांसाठी लिहितेय, मुस्लिम कुटुंबांत आणि गोव्यात मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी तिकडच्याच वकिलाला विचारा.

सगळ्यात आधी आईचं नक्की काय आहे ते शोधायचं. सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा, आणि नुसता आत्ताचा नाही, त्यावर ज्या फेरफारांचे (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदींचे) नंबर आहेत ते जुने फेरफारही काढा, खरी कथा तिथे असते. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि सगळे मुलगे-मुली यांना सारखा हिस्सा येतो (वडिलांची आई तेव्हा हयात असेल तर तिलाही). म्हणजे तीन भावंडं असतील तर आईचा चौथा हिस्सा, आणि ती तेवढाच कुणाला तरी लिहून देऊ शकते. सातबाऱ्यावर आईचं नाव पहिलं आहे म्हणून सगळं रान तिचं होत नाही, आणि भांडणं सुरू होतात ती इथूनच. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही जन्मापासून हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीने तो आला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील जिवंत असायलाच पाहिजेत असं नाही. कितीतरी सातबाऱ्यांवर बहिणींची नावं 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली असतात आणि भावांना वाटतं त्यांचं काही नाही, तसं नसतं. वडिलोपार्जितमध्ये आईचा हिस्सा किती हे मात्र वकिलाकडूनच काढून घ्या, गावातल्या जाणकारांवर सोडू नका. आईने स्वतः घेतलेलं, माहेराहून आलेलं, तिला बक्षीस मिळालेलं, ते सगळं पूर्ण तिच्या मालकीचं, त्यात तिला कुणाची परवानगी लागत नाही.

बरेच जण म्हणतात मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्र करून टाकू, शेतजमीन किंवा राहतं घर मुलाला-मुलीला दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे (बाकीची फी वेगळी). पण बक्षीसपत्र झालं की जमीन त्याच दिवशी आईच्या हातातून गेली. मृत्युपत्र ती हवं तेव्हा बदलू शकते, फाडू शकते, आणि ती असेपर्यंत सगळं तिचंच राहतं. माझं स्पष्ट मत आहे की आईने जिवंतपणी राहतं घर आणि एफडी तरी कुणाच्या नावावर करू नये, मुलं कितीही चांगली असोत.

आता जमीन. "माझी जमीन तिघांत समान" एवढं लिहून थांबू नका, कागदावर ते समान दिसतं आणि रानात त्याचा काहीच अर्थ लागत नाही. तुकडेबंदी कायदा आहे, 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं कमीत कमी क्षेत्र, आहे, त्याच्या खालचे तुकडे पाडायला गेलात की अडकता. त्यामुळे जमेल तिथे अख्खा गट (एका गट नंबरची जमीन) एकाला आणि दुसऱ्याला दुसरा गट किंवा पैसे, असं बसवा. तुकडा पाडावाच लागला तर दिशा आणि बांध लिहा.

माझ्या मावशीच्या मृत्युपत्रात विहिरीच्या गटाचं असं लिहिलंय, "सदर गटाचं एकूण क्षेत्र 0.60 हेक्टर, पैकी उत्तरेकडील 30 आर थोरल्या मुलास व दक्षिणेकडील 30 आर मुलीस. विहीर, मोटर व वीज कनेक्शन समाईक, पाण्याची पाळी एक दिवसाआड. मुलीच्या हिश्शात जाण्यासाठी पूर्वेकडील बांधाने ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता कायम राहील, पाईपलाईन नेण्यास कोणी हरकत घेऊ नये." धाकटा पुण्यात असतो, त्याला जिरायतीचा दुसरा गट. वाचायला साधं वाटतं पण पाळी आणि रस्ता लिहिलेला नसता तर पहिल्याच उन्हाळ्यात वाद झाला असता, कारण जमीन वाटता येते, विहीर वाटता येत नाही. झाडं, गोठा, पत्र्याचं शेड, ठिबक हेही कुणाचं ते लिहा. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज असेल तर त्याचा बोजा सातबाऱ्यावर असतो, तो कोणी फेडायचा तेही लिहा. भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी) जमीन असेल तर त्याच्या अटी आधी तहसीलला विचारून घ्या.

कमी-जास्त द्यायचं असेल तर द्या, आईच्या हिश्शात तो तिचा अधिकार आहे, पण कारण लिहा. "थोरल्याने वीस वर्षं शेती सांभाळली व माझं औषधपाणी पाहिलं म्हणून त्यास जास्त" असं एक वाक्य नंतर कोर्टात फार उपयोगी पडतं आणि भावंडांच्या मनातही कमी सलतं. मुलीला काही द्यायचं नसेल तर तिचं नाव न घेता पुढे जाऊ नका, नाव घेऊन कारण लिहा. पण "तिला लग्नात दिलंय की" हे कारण मला अजिबात पटत नाही, लग्नाचा खर्च हा काही हिस्सा नव्हे.

पैशांत सगळ्यात मोठा गैरसमज नॉमिनीचा. बँक नॉमिनीला पैसे देते, पण तेवढ्यावरून तो मालक होत नाही, शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलंय. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून घ्या, 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार नॉमिनी टक्केवारीसह लावता येतात. एफडीचे नंबर लिहून "ही याला, ती तिला" करू नका, रिन्यू झाली की नंबर बदलू शकतो आणि आईने मध्येच एखादी मोडली की एकाच्या वाट्याला काहीच राहत नाही. त्यापेक्षा "माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे असलेल्या सर्व बँक व पोस्टातील रकमा अमुक प्रमाणात" असं लिहा. दागिने मात्र एकेक लिहा, पाटल्या, मोहनमाळ, तोडे, वजनासकट, आणि कुणाला ते. शेवटी एक ओळ हवीच, वर न लिहिलेलं जे काही निघेल ते कुणाचं, आणि एखादं मूल आईच्या आधी गेलं तर त्याचा वाटा कुणाला.

स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिलेलं चालतं. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर आईने सही किंवा अंगठा करायचा आणि मग तिच्यासमोर त्यांनी सह्या करायच्या, प्रत्येक पानावर केलेल्या बऱ्या. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. वयाने लहान, गावात सापडतील असे साक्षीदार घ्या, कारण पुढे त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात बोलावलं जाऊ शकतं. आईला वाचता येत नसेल तर "मजकूर मला वाचून दाखवला, समजला व मान्य आहे" हे आलंच पाहिजे. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या की ती शुद्धीत आणि समजून करतेय. आणि ज्याला जास्त मिळणार आहे त्याने वकील शोधणं, मजकूर सांगणं, आईला धरून नेणं यातून लांब राहावं, कोर्ट पहिला संशय त्याच्यावरच घेतं.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी म्हणेन कराच, दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) फी 100 रुपये आहे, आणि आईला हलवता येत नसेल तर अर्ज करून अधिकारी घरीही येऊ शकतात. आईने नंतर विचार बदलला तर नवीन करता येतं, त्यात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं लिहायचं, कारण शेवटचं असतं तेच धरतात. मूळ प्रत कुठे आहे हे निदान दोघांना माहीत हवं.

आई गेल्यावर मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि सातबारा घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करायचा. सगळ्या वारसांना नोटीस जाते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर सुनावणी होते, आणि तेव्हा साक्षीदारांचे फोन नंबर, डॉक्टरांचा कागद आणि रजिस्ट्रेशनचा दस्त क्रमांक एकाच फाईलमध्ये असेल तर धावपळ वाचते, म्हणून ती फाईल आईच्या सहीच्या दिवशीच बनवून ठेवा.