बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापू नये म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशोब लिहायचं माझं काम. हळदीचे सौदे ऐन भरात असतात आणि त्यातच मार्चअखेर येते. त्यामुळे लॅपटॉप सकाळी एका दुकानात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री विश्रामबागेत घरी. मधल्या वेळात तो बॅगेत. आमच्या कामातल्या कितीतरी जणांची एकच तक्रार असते: झाकण मिटून बॅगेत टाकला, थोड्या वेळाने काढला तर तवा झालेला, पंखा जोरात फिरतोय आणि बॅटरी निम्म्यावर. मग तो दुरुस्तीला जातो. खरं तर अशा वेळी बऱ्याचदा काही बिघडलेलं नसतं. लॅपटॉप झोपलेलाच नसतो, एवढंच.

पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला वीज आणि बाकी जवळजवळ सगळं बंद. याला एस-थ्री म्हणतात. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि मोबाइलसारखी झोप सुरू झाली. विंडोज १० पासून तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात स्क्रीन काळी होते, पण आत मेल येत राहतात, अपडेट उतरत राहतात, वाय-फाय चालू राहू शकतं. सगळं नीट असेल तर यात फारशी वीज जात नाही. पण एखादा ड्रायव्हर (वाय-फायसारखा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्रॅम अडून बसला, तर प्रोसेसर जागा राहतो. टेबलावर हे कळतही नाही. बॅगेत मात्र हवा जायला वाट नसते, मग उष्णता आतच साठते.

तुमच्या लॅपटॉपला कोणती झोप आहे ते आधी बघा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी हा एक सलग शब्द लिहा (पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी), एक जागा सोडा, स्लॅश आणि ए लिहून एंटर दाबा. वरच्या यादीत एस-झिरो दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय, एस-थ्री दिसलं तर जुनी झोप. एस-थ्री परत आणायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) बदल करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कंपनीने बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ती सोय ठेवलेली नसेल, तर स्लीपमधून लॅपटॉप नीट उठेलच याची खात्री नसते, आणि ३१ मार्चला तो प्रयोग कुणी करू नये.

माझ्या मते खरा उपाय एकच: बॅगेत जाणारा लॅपटॉप हायबरनेट करायचा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. उघडल्यावर अर्धवट लिहिलेली हिशोबाची पट्टी, एक्सेलची शीट, सगळं होतं तसं समोर येतं. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तो लागू द्यावा. कंट्रोल पॅनेलमध्ये हार्डवेअर अँड साउंड, मग पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’. तिथे झाकण मिटल्यावर काय व्हावं याचे दोन रकाने असतात, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जर लावलेला असतानाचा. दोन्हींत हायबरनेट निवडा आणि खाली सेव्ह करा. बरेच जण बॅटरीचाच रकाना बदलतात आणि चार्जर लावलेला असतानाच झाकण मिटतात. मग व्हायचं तेच होतं. यादीत हायबरनेट दिसतच नसेल, तर काळी खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि पॉवरसीएफजी, स्लॅश हायबरनेट, ऑन असं लिहा.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल, तर हायबरनेटआधी टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा. उठल्यावर नेटवर्क तुटलेलं असतं आणि उघड्या डेटाला ते मानवत नाही.

स्लीपच वापरायची असेल तर आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा. चार्जरवर असताना विंडोज जास्त मोकळेपणाने कामं चालवतं. पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखाली ‘अलाव वेक टायमर्स’ (ठरल्या वेळी लॅपटॉप आपोआप जागा करणारी सोय) असेल तर ते डिसेबल करा. बिनवायरचा माउस असेल तर त्याचा स्विच बंद करा, नाहीतर बॅगेत तो हलला की लॅपटॉप जागा होऊ शकतो. एवढं करूनही तापत असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्लॅश स्लीपस्टडी चालवा. गेल्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल तयार होतो आणि कोणी जागं ठेवलं तेही त्यात असतं. त्या अहवालात वाय-फायचा ड्रायव्हर सगळ्यात वर दिसला, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या.

मॅकबुकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग ऑप्शन्स, तिथे ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ नेव्हर करावं.

आता आपल्याकडच्या धुळीबद्दल. सौद्याच्या वेळी हळकुंडाची पोती उपसली की पिवळी धूळ उडते आणि ती लॅपटॉपच्या जाळीत जाऊन बसते. लॅपटॉप उलटा धरून टॉर्च मारा. जाळीच्या फटीत पिवळट थर दिसला, तर तो लॅपटॉप जागेपणीही लवकर तापणार. बंद करून मऊ ब्रशने जाळी झाडा. ब्लोअर मारायचाच तर थोडा थोडा मारा आणि पंखा टूथपिकने अडवून धरा. वाऱ्याने तो गरगर फिरला तर बेअरिंग जातं. हंगाम संपला की मागचं झाकण उघडून आतून साफ करून घ्या.

उन्हाचंही बघा. ॲपल मॅकबुकसाठी वापरताना १० ते ३५ अंश सेल्सिअस आणि नुसता ठेवताना कमाल ४५ अंश सांगतं. एप्रिलमध्ये यार्डात उभ्या केलेल्या गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. बॅग दुकानात गादीजवळ ठेवा, गाडीत नको.

बॅगेतून काढला आणि चटका बसला, तर झाकण उघडून कडक टेबलावर ठेवा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून बंद करा. गार होईपर्यंत चार्जर लावू नका. फ्रीजमध्ये किंवा एसीच्या थेट झोतात तर अजिबात नको, आत पाणी धरतं. गार झाल्यावर तळ बोटाने चाचपून बघा. टचपॅड वर उचललेला, तळ फुगलेला किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. लॅपटॉप बंद ठेवा आणि बॅटरी बदलायला त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. डेटा काढायचा असेल तर तो बॅटरी बदलल्यावर.