सिंहस्थाच्या गर्दीतही उघडेल अशी वेबसाइट: पुढच्या काही वर्षांसाठी आत्ताच काय करावं

येत्या काही वर्षांत वेब डिझाइन कुठे जाईल याबद्दल आमचा अंदाज असा: पानं हलकी होतील, स्थानिक भाषेत असतील आणि माणसांइतकीच यंत्रंही ती वाचतील. नाशिकमध्ये या तिन्हींची परीक्षा २०२७ मध्येच आहे. सिंहस्थाच्या स्नानाला रामकुंडाच्या परिसरात असंख्य फोन एकदमच नेटवर्क मागतील आणि खोली शोधणाऱ्याला तुमचं पान उघडायचं असेल. म्हणून पंचवटीतल्या एका छोट्या लॉजची वेबसाइट डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. दिंडोरीत बेदाणे विकणाऱ्यालाही हेच लागू पडतं.

आधी वजन, मग रंग

गर्दीत १ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला असं धरा (८ बिटांचा एक बाइट). ३०० केबीचं पान उतरायला सुमारे २.४ सेकंद लागतात, ३ एमबीचं पान २४ सेकंद. जोडणीचा वेळ वेगळाच. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. तेव्हा ३०० केबी हीच मर्यादा धरा आणि वाटणी आधीच लिहून ठेवा: एचटीएमएल व सीएसएस ५०, फॉन्ट ८०, वरचा फोटो १००, जावास्क्रिप्ट ३०, उरलेलं राखीव.

फोटो ८०० पिक्सेल रुंद, एव्हीआयएफ या कमी वजनाच्या फोटो-स्वरूपात द्या आणि जुन्या ब्राउझरसाठी पिक्चर टॅगमध्ये जेपीईजीही ठेवा. रुंदी-उंची लिहिलीच पाहिजे, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचणारा जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) लावा, पण सर्वांत वरच्या फोटोला कधीही नको. तो मग उगाच उशिरा येतो. सरकते फोटो काढून टाका.

देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, इंग्रजीचं १. मराठी पानासाठी सर्व्हरवर ब्रॉटली किंवा जीझिप ही मजकूर दाबून पाठवायची सोय सुरू आहे ना, हे होस्टिंगवाल्याला विचारूनच घ्या.

मराठी नीट दिसणं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण बहुतेक टेम्पलेट इंग्रजीसाठी बेतलेली असतात. पहिलं काम: एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा संकेत 'एमआर' लिहा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. हा संकेत नसेल तर हिंदी वळण दिसतं. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही त्यावरूनच आवाज निवडतो.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य ठेवा. जरा वाढवलं की शिरोरेघ तुटते. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट द्या; १.२ वर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, बटणांत तर कापलेच जातात. मजकूर १८ पिक्सेल. तिरपा टाइप वापरू नका, कारण देवनागरीत तो बहुधा ब्राउझरने ओढूनताणून तिरका केलेला असतो.

जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत नोटो सान्स देवनागरी आधीच असतो, त्यामुळे मुख्य मजकूर फोनच्याच फॉन्टवर सोडा आणि मुक्ता किंवा बालू फक्त मथळ्यांना, एकाच वजनात वापरा. नको ती अक्षरं काढून फॉन्टची फाइल छाटताना लेआउटची सगळी वैशिष्ट्यं (अक्षरं जोडायचे नियम) आणि शून्य रुंदीचा जोडक हे न दिसणारं चिन्ह ठेवायला सांगा. ते गळले की जोडाक्षरं सुटी होतात, पाय मोडलेले दिसतात. तपासणीसाठी चार शब्द पुरतात: त्र्यंबकेश्वर, दऱ्या, कुऱ्हाड, उद्ध्वस्त.

दरपत्रक प्रेसमधून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आलं असेल तर तसंच चिकटवू नका. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते.

फॉर्म

मराठीत नाव लिहिणाऱ्याला फॉर्मने नाकारावं, यासारखा अपमान नाही आणि तो टाळणं सोपं आहे. जावास्क्रिप्टच्या नियमात केवळ 'अक्षर' हा युनिकोड गट मान्य केला तर मात्रा आणि पाय मोडायची खूण नापास होतात. सोबत 'चिन्ह' गटही घ्या. लांबीची मर्यादा सैल ठेवा. 'त्र्यंबकेश्वर' वाचताना पाच अक्षरं वाटतात, संगणक १३ मोजतो आणि डेटाबेसमध्ये ते ३९ बाइट होतात. दहा अक्षरांची मर्यादा त्याला मधूनच तोडते.

फोन नंबरसाठी टेल प्रकारचा रकाना वापरा. नंबर प्रकारचा रकाना देवनागरी आकडे घेईलच असं नाही. कोणी ९८ असं देवनागरीत लिहिलं तर सर्व्हरवर रूपांतर करून घ्या. बटणाला डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुगम्यतेच्या नियमावलीची किमान मर्यादा २४ पिक्सेल आहे. गर्दीत चालता चालता दाबायला ४८ बरे.

यंत्र वाचणार आहे

यापुढे बरेच लोक थेट पान न उघडता एआय सहायकाला विचारतील: पंचवटीत आज खोली कितीला? फ्लेक्सच्या फोटोत असलेला दर त्याला चुकीचा दिसू शकतो किंवा दिसणारच नाही. दर, पत्ता, चेक-इनची वेळ साध्या मजकुरात, तक्त्यात लिहा. शेजारी दर कधीपासून लागू ते टाका. हीच माहिती जेसन-एलडीमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी पानात ठेवायच्या नोंदीत, 'लॉजिंग बिझनेस' प्रकाराने द्या. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. लॉजचं नाव मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत असू द्या.

ब्राउझरचं ब्राउझरला करू द्या

पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडक्यांसाठी डायलॉग टॅग, खोल्यांची माहिती देणाऱ्या चौकटींसाठी २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत असलेल्या कंटेनर क्वेरीज (मिळालेल्या जागेनुसार मांडणी बदलायची सोय). बाहेरून आणलेल्या तयार कोडच्या लायब्ररी जितक्या कमी, तितकं पुढच्या वर्षी मोडायला कमी. आमची मनापासून आशा हीच आहे की लहान धंद्याचं पान दर दोन वर्षांनी नव्याने बांधावं लागू नये.

फोन नंबर, पत्ता आणि पायवाटेच्या खुणा सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पडद्याआड चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने) फोनमध्ये साठवा, म्हणजे एकदा पान उघडलेल्याला नेटवर्क गेल्यावरही त्या दिसतील. दर मात्र साठवू नका. जुना दर दाखवला तर काउंटरवर वाद ठरलेला.

शेवटी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क पॅनेलमध्ये 'स्लो ४जी' निवडून आणि कॅश (आधीची साठवण) बंद करून पान उघडा. मग स्वस्त, जुना फोन घ्या आणि दुपारी गोदाकाठी उन्हात दर वाचता येतात का पाहा. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो, उन्हासाठी ७:१ धरा. राखाडी अक्षरं तिथे टिकत नाहीत.