डीए पॉलिशर फिरवूनही रेषा जात नाहीत? कंपाउंड बदलायच्या आधी या चुका टाळा

गाडीसाठी नवीन डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर आणला, कंपाउंड (रेषा घासून काढणारी पेस्ट) आणलं, दोन-तीन फोम पॅड आणले, अख्खा रविवार घालवला, आणि संध्याकाळी टॉर्च मारून बघितलं तर चमक आलीय पण बॉनेटवरच्या त्या गोल गोल बारीक रेषा, ज्याला सगळे स्वर्ल म्हणतात, त्या जवळपास तशाच. मग कुणीतरी सांगतं की अजून कडक कंपाउंड घे, नाहीतर वूलचा पॅड लाव, नाहीतर सरळ गॅरेजमध्ये देऊन रोटरीने (पॅडला थेट गोल फिरवणारं मशीन) रबिंग मारून घे. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो असं मी ठामपणे सांगेन. दहातल्या आठ-नऊ वेळा कंपाउंडचा काहीच दोष नसतो, पॅड फिरतच नसतो किंवा तो चिखलासारखा भरून गेलेला असतो. ते न बघता कट (घासून काढायची ताकद) वाढवला की रेषा जातील हो, पण सोबत रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोटही जाईल आणि तो काही परत उगवत नाही.

आकडे डोक्यात असू द्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतं, त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवणारं यूव्हीचं संरक्षण याच थरात असतं. जास्त घासलं गेलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही, गाडी मस्त चमकते, आणि दोन-चार उन्हाळे गेले की छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटायला लागतात, मग रिपेंटशिवाय इलाज नाही.

पॅड फिरतोय की नुसता थरथरतोय?

सगळ्यात मोठी चूक हीच म्हणून यावर जरा जास्त लिहितो. साध्या डीए मशीनमध्ये मोटर पॅडला थेट फिरवत नाही, ती त्याला छोट्या वर्तुळात हलवते (८, १५, २१ मिमी थ्रो म्हणतात ते हेच), आणि त्या हलण्याच्या जोरावर पॅड बेअरिंगवर आपोआप फिरतो. त्यामुळे वरून दाबलं की फिरणं मंदावतं, अजून दाबलं की बंदच पडतं आणि नुसतं थरथरणं उरतं. थरथरण्यानेही थोडी चमक येते म्हणून माणसाला वाटतं काम चालू आहे, पण रेषा निघत नाहीत कारण कट जवळपास शून्यावर आलेला असतो. आणि रेषा निघत नाहीत म्हणून माणूस अजून दाबतो!

उपाय एकदम साधा. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती) कडेवर काळ्या मार्करने एक जाड उभी रेघ ओढा, प्लेट काळी असेल तर पांढऱ्याने. मशीन चालवताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. एका जागी थरथरताना दिसली की हात हलका करा. मशीनचं स्वतःचं वजनच अडीच किलोच्या आसपास असतं, त्यात हाताचा थोडासा भार पुरतो. दुसरं म्हणजे पॅड सपाट ठेवा, दरवाज्याच्या वळणावर, मडगार्डच्या उभारावर पॅड जरा तिरका झाला की तो तिथेच थांबतो, खास करून २१ मिमीवाल्या मशीनला हे फार जाणवतं. अशा जागी ३ इंचाची प्लेट आणि छोटा पॅड घ्या, मोठं मशीन कोंबत बसू नका. गिअरवर चालणारी फोर्स्ड रोटेशनवाली मशीन थांबत नाहीत हे खरं, पण ती गरमही जास्त करतात, त्यामुळे तिथे वेगळी काळजी.

अजून एक, पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून बारीक वायरचं एक्स्टेंशन सोडून मशीन चालवलं तर ताकद कमी पडू शकते, वायर जाड घ्या आणि जमेल तेवढी आखूड.

भरलेला पॅड

कंपाउंड फिरवताना निघालेला क्लिअर कोट जातो कुठे? पॅडमध्येच. जुनं कंपाउंड आणि तो चुरा मिळून पॅडवर एक कडक पापडी बसते, तिच्यावर तुम्ही नवीन थेंब टाकता आणि म्हणता की कंपाउंड चालत नाही. प्रत्येक सेक्शन झाला की पॅड साफ करायचा, फोमला नायलॉनचा ब्रश, मायक्रोफायबर पॅडला कॉम्प्रेसरची हवा असेल तर उत्तमच, नाहीतर तोही ब्रशने. आणि एका पॅडवर अख्खी गाडी काढायचा हट्ट सोडा. एक-दोन पॅनल झाले की पॅड बदला, एका गाडीला एकाच प्रकारचे पाच-सहा पॅड लागतात असं धरून चला. पैसे कमी असतील तर महागड्या कंपाउंडऐवजी पॅडवर घाला, रिझल्टमध्ये फरक दिसेल.

पॅड मधोमध गरम होतो हेही लक्षात ठेवा. हात लावून चटका बसत असेल तर तो बाजूला ठेवा, नाहीतर गोंद सुटतो, प्लेटचं वेल्क्रो वितळतं आणि पॅड एकदम उडून जातो. पॅड प्लेटच्या बरोबर मधे बसलाय ना हे प्रत्येक वेळी बघा, एका बाजूला सरकलेला असला की मशीन हातात नाचायला लागतं.

घाई आणि मोठा सेक्शन

अर्धं बॉनेट एकदम घ्यायचं, पुसल्यासारखा हात फिरवायचा, दोन फेऱ्यांत संपवायचं, असं केलं तर काहीच होणार नाही. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, हात सेकंदाला इंच-दीड इंच इतकाच पुढे सरकवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे, आधी आडवं मग उभं, अशा चार ते सहा फेऱ्या. पहिल्यांदा करताना हा वेग कंटाळवाणा वाटतो, वाटू दे. कोऱ्या पॅडला आधी सगळीकडे पातळ कंपाउंड लावून घ्या आणि मग प्रत्येक सेक्शनला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. जास्त टाकलं तर पॅड नुसता घसरतो, कापत नाही, आणि शिंतोडे शेजारच्या गाडीवर. मशीन पॅनलला टेकवूनच चालू करायचं, आधी वेगाच्या १-२ नंबरवर पसरवायचं, मग ४-५ वर काम.

अख्ख्या गाडीला हात घालायच्या आधी एकाच चौकोनावर टेस्ट करा, तीही हलक्यापासून: आधी मध्यम फोमवर पॉलिश (कंपाउंडपेक्षा बारीक पेस्ट), नाही भागलं तर त्याच पॅडवर कंपाउंड, तरी नाही तर कटिंग पॅड. एका गाडीवर चाललं ते दुसरीवर चालेल असं नाही, कुणाचा क्लिअर कडक, कुणाचा मऊ.

मशीनच्या आधीची कामं टाळणं

आपल्याकडे या रेषा मुळात येतात कशाने तर सकाळी सकाळी धुळीच्या गाडीवर फिरणाऱ्या कोरड्या फडक्याने, आणि त्याच एका बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात त्याने. तीच धूळ अंगावर असताना पॉलिशर लावला तर तेच काम मशीनने करताय. आधी नीट शाम्पू, मग चाकांजवळच्या भागाला आयर्न रिमूव्हर (जांभळं होऊन ओघळतं, ते लोखंडाचे कण), मग भरपूर शाम्पूचं पाणी किंवा ल्यूब (घसरण देणारा स्प्रे) मारून क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा). धुतलेल्या पॅनलवर प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खरखर लागली तर क्ले बाकी आहे. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, मळून परत वापरू नका.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग हा पुण्या-संभाजीनगरकडे कायमचा त्रास. ते क्षाराचे असतात, आधी वॉटर स्पॉट रिमूव्हरने काढायचा प्रयत्न करा, सावलीत, थंड पॅनलवर, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरही खड्डा उरला असेल तरच मशीन.

नख आडवं फिरवून बघा, चऱ्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने काढायचा नाही. कडा मऊ होऊन तो कमी दिसेल, तेवढ्यावर थांबा. जुनी गाडी घेतली असेल तर थिकनेस गेज (रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा मित्राकडून आणा. सगळीकडे ११० आणि एका दरवाज्यावर २५० आलं तर तो दरवाजा रिपेंट आहे, ५००-७०० च्या पुढे गेलं तर आत लांबी (पुट्टी) भरलेली असायची शक्यता जास्त. आणि ७०-८० दिसलं तर कंपाउंडला हातच लावू नका, बारीक पॉलिश करून सोडा. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर रीडिंग देत नाही, म्हणून बंपरवर कायम हलका हात. प्लास्टिकमध्ये उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, एका जागी थांबलात तर रंग उठतो. तसंच पॅनलच्या कडा आणि बॉडीलाइन, तिथे क्लिअर आधीच पातळ असतो, सरळ मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिक ट्रिमलाही टेप, कंपाउंडचे पांढरे डाग तिथून काढताना जीव जातो.

पॅडवर गाडीचा रंग उतरताना दिसला तर तिथल्या तिथे थांबा. जुन्या सिंगल स्टेज रंगाच्या (वर क्लिअर नसलेल्या) गाड्यांना हे होतंच, पण क्लिअर कोटवाल्या गाडीला झालं तर तुम्ही आरपार गेलाय.

काही पटकन सापडणाऱ्या अडचणी

पांढरी धूळ फार उडतेय: ऊन, गरम पॅनल किंवा सुकलेला पॅड. गाडी चालवून आणल्यावर बॉनेट तासभर तरी निवू द्या. एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर किंवा रात्रीच करा.

रेषा गेल्या पण काळ्या गाडीवर धुरकट पट्टा आलाय: हा कटिंग पॅडचा हेझ, मायक्रोफायबर पॅड आणि मऊ क्लिअर असला की येतोच. घाबरू नका, मऊ फिनिशिंग फोम, बारीक पॉलिश, वेग ३-४, हात एकदम हलका. मऊ पॅडनेही जात नसेल तर पुसायच्या कापडावर संशय घ्या, बाजारातलं स्वस्त कडक शिवणीचं मायक्रोफायबर स्वतःच ओरखडे पाडतं.

त्या दिवशी सगळं गुळगुळीत, दोन वॉशनंतर रेषा परत: त्या गेल्याच नव्हत्या, पॉलिशमधल्या तेलाने भरल्या होत्या. म्हणून प्रत्येक सेक्शननंतर पाण्यात मिसळलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा पॅनल वाइप मारून टॉर्चखाली बघायचं, आणि सिरॅमिक कोटिंग करणार असाल तर हे न चुकता, नाहीतर कोटिंग तेलावर बसतं आणि टिकत नाही.

नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर लगेच पॉलिशर लावू नका, रंग अजून सुकत असतो, किती थांबायचं ते रंगवणाऱ्याला विचारा.

पॅड त्याच दिवशी धुवा, कोमट पाणी आणि पॅड क्लीनर किंवा साधा लिक्विड सोप, दाबून पाणी काढा, पिळू नका, आणि फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात साचत नाही.